फ्लशची टाकी: दोन दारं आणि त्यांची निगा

रात्री घर शांत झालं की संडासातून दर वीस-पंचवीस मिनिटांनी 'सुर्रर्र' आवाज येतो आणि थोड्या वेळाने बंद होतो. आत कोणी गेलेलं नसतं, बटण कोणी दाबलेलं नसतं. तरी टाकी भरतेच आहे. याचा अर्थ एवढाच की मधल्या वेळात तिच्यातलं पाणी गुपचूप भांड्यात उतरून गेलं.

फ्लशच्या टाकीला दारं दोनच. एकातून पाणी आत येतं, दुसऱ्यातून बाहेर जातं. दोन्ही दारांना बहुधा रबराचा एकेक वॉशर असतो आणि टाकीच्या बहुतेक तक्रारी या दोन वॉशरपाशी येऊन थांबतात. म्हणून पाना-पकड हातात घेण्याआधी एकच प्रश्न सोडवायचा: बिघाड कुठल्या दाराचा? त्याचं उत्तर नसताना सगळं सुटं केलं की चांगला भागही बदलला जातो आणि आवाज तसाच राहतो.

झाकण उघडताना

टाकीतलं पाणी नळाचंच असतं, भांड्यातलं नव्हे. त्यामुळे हात घालायला कचरायचं कारण नाही. साइड हँडलच्या टाकीचं झाकण सरळ वर उचललं जातं. वर दोन बटणं असतील तर बटणांभोवतीची चकती किंवा खुद्द बटणं डावीकडे फिरवून आधी मोकळी करावी लागतात. काही टाक्यांत बटण बाहेर ओढल्यावर आत एक स्क्रू दिसतो, तो काढावा लागतो. झाकण अडतंय म्हणून जोर लावू नका. अडतंय म्हणजे काहीतरी सोडवायचं राहिलंय.

चिनी मातीचं झाकण भिंतीला टेकवून उभं करू नये. ओल्या फरशीवर ते सरकतं आणि कोपरा उडतो. जुन्या मॉडेलचं नुसतं झाकण मिळवणं मोठं जिकिरीचं काम आहे. घडी घातलेल्या टॉवेलवर आडवं ठेवा.

आत पाहिलंत की एका बाजूला उभा किंवा आडवा, तरंगणाऱ्या फुग्याचा भाग दिसेल. तो बॉल कॉक, म्हणजे आत येणारं दार. मधोमध उभा मनोरा दिसेल. ते बाहेर जाणारं दार. या मनोऱ्यातच, किंवा त्याच्या शेजारी, वरून उघडी असलेली नळी असते. ती ओव्हरफ्लो. टाकी वाजवीपेक्षा जास्त भरली तर पाणी फरशीवर न सांडता या नळीतून भांड्यात जातं. टाकीच्या बाहेर भिंतीला अँगल कॉक, म्हणजे टाकीचं पाणी बंद-चालू करायचा छोटा नळ, असतो आणि तिथून टाकीपर्यंत लवचिक कनेक्शन पाईप आलेला असतो. दोन्ही साधारणपणे अर्धा इंची, म्हणजे 15 मिमीचे.

आत येणारं दार: बॉल कॉक

पाणी चढलं की फुगा वर येतो, फुग्याची दांडी एका छोट्या दट्ट्याला दाबते, दट्ट्याच्या टोकाचा वॉशर नोझलच्या तोंडावर बसतो आणि पाणी थांबतं. एवढीच यंत्रणा. पण त्यातलं बळाचं गणित लक्षात घेतलं तर अर्ध्या तक्रारी उलगडतात.

11 सेंमी व्यासाचा फुगा पूर्ण बुडाला तर सुमारे 700 मिली पाणी बाजूला सारतो, म्हणजे त्याला वर ढकलणारं बळ जवळजवळ 700 ग्रॅमचं. अर्धा बुडाला तर 350 ग्रॅम. दांडी लांब आणि दट्ट्या टेकूच्या अगदी जवळ असल्यामुळे हे बळ दट्ट्यावर कैक पटींनी वाढून पोचतं. समोरून नळाच्या पाण्याचा दाब वॉशरला मागे ढकलत असतो. हा दाब किती, ते गच्चीवरची टाकी तुमच्यापासून किती वर आहे त्यावर ठरतं. दर 10 मीटर उंचीमागे साधारण एक बार (बार हे दाब मोजायचं एकक). दहा मजली इमारतीत तळमजल्यावर तो तीन बारच्या आसपास जातो आणि वरच्या मजल्यावर अर्धा बारही भरत नाही. म्हणूनच एकाच दुकानातून घेतलेला तोच बॉल कॉक वरच्या मजल्यावर वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि खालच्या मजल्यावर सहा महिन्यांत ठिबकायला लागतो. खालच्या मजल्यावर राहत असाल तर अँगल कॉक पूर्ण उघडा ठेवायची गरज नाही. टाकी दोन-तीन मिनिटांत भरेल इतकाच उघडा.

हल्ली दांडी-फुग्याऐवजी उभा बॉल कॉक येतो. त्यात पेल्याएवढा तरंगता भाग एका खांबावर वर-खाली सरकतो. तत्त्व तेच, फक्त जागा कमी लागते. यात आणखी एक बारीक जाळी असते, पाणी जिथून आत शिरतं तिथे. ही जाळी गाळाने भरली की टाकी भरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि लोक 'प्रेशर नाही' म्हणून सोसायटीकडे तक्रार करतात. सोसायटीची टाकी धुतल्यानंतर किंवा पावसाळ्याच्या सुरुवातीला गढूळ पाणी आल्यावर हे हमखास होतं. टाकी धुण्याची नोटीस लागली की त्या दिवशी अँगल कॉक बंद ठेवा, नंतर बाथरूमचा नळ पाच मिनिटं वाहू द्या आणि पाणी स्वच्छ दिसल्यावरच कॉक उघडा.

बाहेर जाणारं दार: सायफन की ड्युअल फ्लश

इथे दोन घराणी आहेत आणि त्यांचे आजार वेगवेगळे.

जुन्या चाळीतली साखळीची टाकी आणि भिंतीवर टांगलेल्या बऱ्याच प्लास्टिकच्या टाक्या सायफनवर चालतात. टाकीत उलट्या 'यू'सारखी वाट असते. हँडल ओढलं की आतली तबकडी पाणी वर उचलते आणि 'यू'च्या माथ्यावरून पलीकडे ढकलते. एकदा पलीकडची नळी भरून वाहू लागली की मागचं पाणी तिच्यामागे आपोआप ओढलं जातं आणि टाकी रिकामी होईपर्यंत थांबत नाही. सायफनचा गुण असा की पाणी माथा ओलांडल्याशिवाय जाऊच शकत नाही. म्हणजे खालचा वॉशर झिजून रात्रंदिवस गळणं इथे नाही. दोष असा की तबकडीवरचा पातळ रबरी किंवा प्लास्टिकचा पडदा फाटला की पाणी उचललं जात नाही. 'तीन-चार वेळा हँडल मारलं की मगच फ्लश होतो' ही तक्रार ऐकली की पडदा फाटलाय असं समजून चालायला हरकत नाही. मात्र आधी पाण्याची पातळी बघा. टाकी अर्धवट भरत असेल तरीही असंच होतं.

दोन बटणांच्या, म्हणजे ड्युअल फ्लशच्या, टाकीत सायफन नसतो. मनोऱ्याच्या तळाशी रबरी वॉशर भोकावर बसलेला असतो. बटण दाबलं की मनोरा उचलला जातो आणि वजनाने पाणी खाली उतरतं. लहान बटण अर्ध्या फ्लशचं, साधारण 3 लिटर. मोठं पूर्ण फ्लशचं, साधारण 6 लिटर. जुन्या टाक्या 10 लिटरच्या असत. यात पाणी वाचतं, पण भोकावर बसलेल्या त्या एका वॉशरवर सगळी मदार असते. क्षाराचा एखादा कण, वाळूचा दाणा, कडक झालेलं रबर, यातलं काहीही पुरतं आणि रात्रीचा 'सुर्रर्र' सुरू होतो.

अमेरिकेत राहणाऱ्यांना तिथल्या टाकीत तिसराच प्रकार दिसेल. बिजागरीवर उघडणारी रबरी झडप, फ्लॅपर, आणि तिला बांधलेली साखळी. साखळी सैल असावी, पण जेमतेम सेंटीमीटरभर. ताणलेली असली तर झडप नीट बसत नाही, फार सैल असली तर ती झडपेखाली अडकते. 1994 पासून तिथे घरगुती नव्या टाक्यांना एका फ्लशला 1.6 गॅलनची, म्हणजे साधारण 6 लिटरची मर्यादा आहे.

कुठलं दार गळतंय: अर्ध्या तासाची परीक्षा

पेन्सिल, घड्याळ आणि खाण्याचा रंग. शाईचे चार थेंबही चालतात.

1. टाकी भरू द्या. भरणं थांबल्यावर आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेशी पेन्सिलीची खूण करा. भरणं थांबतच नसेल आणि पाणी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडातून आत पडताना दिसत असेल तर पुढे जायची गरज नाही, दोष बॉल कॉकचा.

2. अँगल कॉक पूर्ण बंद करा. टाकीत रंग टाका. अर्धा तास कोणालाही फ्लश करू देऊ नका.

3. परत येऊन पातळी बघा, मग भांड्यात बघा.

पातळी खुणेवरच असेल आणि भांड्यात रंग नसेल तर बाहेरचं दार ठणठणीत आहे. पातळी उतरली असेल आणि भांड्यात रंग आला असेल तर तळाचा वॉशर गळतोय. पातळी उतरून एका ठरावीक उंचीवर थांबली असेल तर थोडं थांबून विचार करा, कारण पाणी गळतीच्या भोकापर्यंतच उतरतं. ओव्हरफ्लो नळीला अर्ध्या उंचीवर तडा असेल तर पातळी त्या तड्यापाशी थांबते. वॉशर कितीही बदला, ही गळती जाणार नाही.

पातळी उतरली पण भांड्यात रंग नाही, असं असेल तर पाणी बाहेर जातंय. टाकीखालच्या नटांना आणि फ्लश पाईपच्या जोडाला पांढरा टिश्यू कागद टेकवून बघा, रंग उमटेल. पावसाळ्यात गार पाण्याने टाकीला बाहेरून घाम सुटतो, त्याला गळती समजू नका. घामाच्या पाण्याला रंग नसतो.

आता हिशेब. समजा टाकी आतून 40 सेंमी लांब आणि 15 सेंमी रुंद आहे. पातळी 1 सेंमी उतरली म्हणजे 600 मिली गेलं. अर्ध्या तासात 600 मिली, म्हणजे तासाला 1.2 लिटर, दिवसाला जवळपास 29 लिटर. कागदावर किरकोळ दिसणारी ही गळती दीड बादली आहे, आणि टँकरचं पाणी विकत घेणाऱ्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावर अशी एक टाकी असतेच.

तळाचा वॉशर: साफ करणं आणि बदलणं

अँगल कॉक बंद करा आणि फ्लश दाबून टाकी रिकामी करा. तळाशी उरलेलं पाणी स्पंजने टिपा. बहुतेक ड्युअल फ्लशचा मनोरा पाव फेरा डावीकडे फिरवला की खालच्या खाचेतून सुटून सरळ वर येतो. फिरवताना खालचा भाग दुसऱ्या हाताने धरा. सगळाच फिरला तर टाकीखालचा मोठा नट सैल होतो आणि एका गळतीच्या दोन होतात.

मनोरा उलटा करा. तळाशी पारदर्शक किंवा काळी रबरी चकती दिसेल. तिच्यावर बोट फिरवा. खरखर लागली तर क्षार आहे. बोटाला काळं लागलं तर रबर विरघळायला लागलंय. काठावर भोकाच्या आकाराची खोल खाच पडली असेल तर रबर दबून गेलंय. नुसता क्षार असेल तर जुना टूथब्रश आणि व्हिनेगर पुरे. बाकी दोन्हींत चकती बदलायचीच. काही जण ती उलटी करून बसवतात. चालते, पण महिनाभराचा जुगाड आहे.

ज्या कडेवर ही चकती बसते, ती टाकीच्या तळाची कडा सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी. नखाने गोल फिरवून बघा. कुठे टेंगूळ लागलं तर व्हिनेगरचा बोळा वीस मिनिटं ठेवून मऊ झाल्यावर पुसून काढा. चाकूने खरवडू नका. चरा पडला की नवा वॉशरही तिथून गळणार.

नवा वॉशर घ्यायला जाताना जुना सोबत न्या. 'अमुक कंपनीचा द्या' पुरत नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन टाक्यांत बाहेरचा आणि आतला व्यास वेगळा असतो. बसवल्यावर रंगाची परीक्षा पुन्हा करा.

बॉल कॉक: आधी पातळी लावा, मग बदलायचं बघा

योग्य पातळी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाच्या दोन-अडीच सेंटीमीटर खाली. टाकीच्या आत बऱ्याचदा आडवी रेघ ओतलेली असते, ती हीच. पितळी दांडी असेल तर ती मधोमध दोन्ही हातांनी धरून किंचित खाली वाकवली की पातळी उतरते. दांडी वाकवताना बॉल कॉकच्या बाजूला जोर जाऊ देऊ नका. उभ्या प्रकारात लांब स्क्रू किंवा सरकती क्लिप असते.

फुगा काढून कानाशी हलवा. आत पाणी डुचमळलं तर फुग्याला भोक आहे. तो कधीच पुरता तरंगणार नाही आणि पाणी कधीच थांबणार नाही. फक्त फुगा बदला, अख्खा संच नको.

फुगा चांगला, पातळी बरोबर, तरी धार थांबत नसेल तर हाताने दांडी वर दाबून धरा. थांबली तर बळ कमी पडतंय, म्हणजे फुगा लहान आहे किंवा दाब जास्त आहे. दाबूनही थांबली नाही तर दट्ट्याचा वॉशर गेला किंवा नोझलच्या तोंडाला चरा पडला. तेव्हा बदलायचा.

1. अँगल कॉक बंद, टाकी रिकामी, तळ कोरडा. खाली बादली.

2. कनेक्शन पाईपचा टाकीकडचा नट पान्याने सोडवा. पेलाभर पाणी पडेल.

3. एका हाताने टाकीतला बॉल कॉक घट्ट धरा आणि दुसऱ्याने बाहेरचा प्लास्टिकचा चेक नट सोडवा. न धरता सोडवलात तर आतला भाग गोल फिरून टाकीच्या भिंतीवर आपटतो.

4. जुना काढल्यावर भोकाभोवतीचा क्षार आणि जुन्या रबराचे अवशेष दोन्ही बाजूंनी पुसा.

5. नवा बसवताना रबरी वॉशर टाकीच्या आतल्या बाजूला, नट बाहेर. फुगा किंवा दांडी टाकीच्या भिंतीला, मनोऱ्याला घासत नाही ना ते हलवून बघा. घासणारा फुगा अधूनमधून अडकतो, आणि 'कधी गळते, कधी नाही' ही डोकं खाणारी तक्रार तिथूनच येते.

6. नट हाताने घट्ट होईपर्यंत फिरवा, मग पान्याने फक्त पाव फेरा. चिनी मातीची टाकी जास्त आवळली की तडकते, कधी लगेच, कधी आठ दिवसांनी.

7. पाईप जोडण्याआधी अँगल कॉक क्षणभर उघडून बादलीत धार सोडा. कॉकमधला गाळ निघून जाईल, नाहीतर तो थेट नव्या जाळीत बसेल.

8. पाईप जोडा, कॉक हळूहळू उघडा, पातळी लावा.

टेफ्लॉन टेपबद्दल गैरसमज आहे. कनेक्शन पाईपच्या नटात रबरी वॉशर असतो, पाणी तो अडवतो. तिथल्या आट्यांवर टेप गुंडाळल्याने नट पूर्ण बसत नाही आणि उलट गळतो. टेप लागते अँगल कॉकच्या भिंतीत जाणाऱ्या आट्यांवर. तिथे आटे ज्या दिशेने फिरतात त्याच दिशेने दहा-पंधरा वेढे.

अँगल कॉकच बंद होत नसेल तर? वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक अडतो, आणि पकडीने जोर लावला की मान मोडून पाण्याचा फवारा तोंडावर येतो. आधी डक्टमधला किंवा गच्चीवरचा तुमच्या लाइनचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते शोधून ठेवा, मगच त्याला हात लावा. आणि चांगला कॉक चांगला राहावा म्हणून तीन-चार महिन्यांतून एकदा पूर्ण बंद करून उघडत जा.

फ्लश होतो, पण जोर नाही

टाकीला दोष देण्याआधी बादली घ्या. आठ-दहा लिटर पाणी दीड-दोन फुटांवरून एका दमात भांड्यात ओता. सगळं सपाट्याने गेलं तर भांडं आणि पुढची लाइन मोकळी आहे, दोष टाकीचा. बादलीचं पाणीही वर चढून हळूहळू उतरलं तर टाकी बदलून काही उपयोग नाही, चोंदलेलं पुढे आहे.

टाकीचा दोष असेल तर क्रमाने बघा: पातळी कमी आहे का, बटण मनोऱ्याला पुरतं दाबतंय का (झाकण बसवताना दांडी आखूड राहिली की अर्धाच फ्लश होतो), आणि भांड्याच्या कडेखालची भोकं. ही भोकं वरून दिसत नाहीत. हातआरसा कडेखाली धरून बघा. बोअरवेलचं पाणी असेल तर ती पांढुरक्या-तपकिरी क्षाराने निम्मी बुजलेली दिसतील. एका बाजूने पाणी येतं आणि दुसरी बाजू कोरडीच राहते, ही त्याची खूण.

पाणी वाचवायला टाकीत वीट टाकायची जुनी युक्ती अजून फिरते. वीट झिजते आणि तिची माती थेट वॉशरवर बसते. टाकायचीच तर वाळू भरून झाकण घट्ट लावलेली लिटरची बाटली, तीही फुग्याला आणि मनोऱ्याला न लागेल अशी. पण ते फक्त 10 लिटरच्या जुन्या टाकीत. 6 लिटरच्या टाकीत आणखी कपात केली की एका फ्लशचे दोन होतात.

भांड्याच्या वळणात कायम पाणी असतं. त्याची खोली साधारण 50 मिमी, आणि गटाराचा वास अडवणारी वस्तू म्हणजे हेच पाणी. अशा वळणाचं पेटंट अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने 1775 मध्ये घेतलं होतं. अडीचशे वर्षांत त्यात मुळातून बदल करावा लागलेला नाही. फ्लश केल्यावर हे पाणी ओढलं जाऊन बुडबुड आवाज येत असेल, किंवा शेजारच्यांनी फ्लश केल्यावर तुमच्या भांड्यातलं पाणी हलत असेल, तर सांडपाण्याच्या पाईपला हवा मिळत नाही. गच्चीवर उघडं असलेलं पाईपचं तोंड बघा. पालापाचोळा, कबुतराचं घरटं, कधी कोणीतरी 'वास येतो' म्हणून बांधलेली प्लास्टिकची पिशवी सापडते.

तुंबलं असेल तर पुन्हा फ्लश दाबून बघण्याचा मोह आवरा. भांडं काठोकाठ भरलं असेल तर टाकीचं झाकण काढून फुगा वर धरा आणि अँगल कॉक बंद करा. रबरी पंप वापरताना त्याची वाटी पाण्यात पूर्ण बुडालेली हवी. हवा दाबून काही हलत नाही, पाणी दाबावं लागतं. पहिला दाब हळू, मग पंधरा-वीस वेळा जोरात वर-खाली. खालच्या दाबाइतकाच वर ओढणंही कामाचं. सॅनिटरी पॅड, डायपर, बाळाचे ओले वाइप्स आणि केसांचा गुंता पंपाला दाद देत नाहीत. 'फ्लश करता येतात' असं लिहिलेले वाइप्ससुद्धा टिश्यूसारखे विरघळत नाहीत.

क्षार आणि ॲसिड

दख्खनच्या पठारावरच्या बोअरवेलचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. धरणाचं पाणी त्या मानाने सौम्य. घराला दोन्ही मिळून येत असेल, उन्हाळ्यात टँकर लागत असेल, तर दर तीन महिन्यांनी टाकीची क्षारसफाई करा. लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा. किराणा दुकानात मिळतं. टाकी रिकामी करून सुटे केलेले प्लास्टिकचे भाग त्यात तासभर बुडवा, टाकीचा तळ त्याच पाण्याने पुसा, मग दोन-तीन फ्लश. कडेखालच्या भोकांना टिश्यू भिजवून आतून चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी ब्रशने घासून, जिथे राहिला तिथे तांब्याच्या मऊ तारेने टोकरा.

भांडं धुवायचं हायड्रोक्लोरिक ॲसिडचं क्लीनर टाकीत ओतू नका. ते भांड्याच्या चकचकीत मुलाम्यासाठी आहे. टाकीत ते पितळ आणि धातूचे स्क्रू खातं, रबरही लवकर कडक होतं. टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या वड्याही वॉशरला मारक. निळं पाणी हवंच असेल तर भांड्याच्या कडेला अडकवायची वडी घ्या. आणि ॲसिडचं क्लीनर व ब्लीच, म्हणजे क्लोरीनवालं जंतुनाशक, एकत्र कधीही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात तो जिवावर बेततो.

भिंतीतली टाकी आणि फ्लश व्हॉल्व्ह

भिंतीत बुजवलेल्या टाकीला बघून बरेच जण 'आता फरशी फोडावी लागणार' म्हणून धसका घेतात. गरज नसते. बटणांची प्लेट वर सरकवून किंवा बाजूने उचकून निघते, मागची चौकट दोन स्क्रूंवर असते, आणि त्या खिडकीतून बॉल कॉक, मनोरा, आतला बंद करायचा कॉक, सगळं हाताला येतं. मनोरा निघण्याजोगा दोन-तीन तुकड्यांत येतो. काढताना प्रत्येक पायरीचा फोटो काढा, कारण उलट्या क्रमाने बसवताना अंधारात हात चालवावा लागतो. खरी जोखीम भिंतीतल्या जोडांची. म्हणून फरशी लावण्याआधी टाकी पूर्ण भरून चोवीस तास ठेवायचा आग्रह मिस्त्रीकडे धरा आणि मॉडेलचं नाव, क्रमांकाचं लेबल यांचा फोटो ठेवा.

टाकीच नसलेला, थेट लाइनवरचा फ्लश व्हॉल्व्ह वेगळं प्रकरण आहे. त्याला अर्धा इंची लाइन चालत नाही, 32 किंवा 40 मिमीची स्वतंत्र लाइन आणि पुरेसा दाब लागतो. गच्चीखालच्या मजल्यावर टाकी जेमतेम तीन मीटर वर असते, दाब तिथे 0.3 बार. त्या मजल्यावर हा व्हॉल्व्ह बसवला की फ्लश कधीच मनासारखा होत नाही. व्हॉल्व्ह बदलून, प्लंबर बदलून बघितला जातो, पण उंची बदलत नाही. तिथे टाकीच घ्यावी.

घर बंद ठेवून गावाला जाताना

मे महिन्यात किंवा गणपतीला घर बंद ठेवणार असाल तर अँगल कॉक बंद करा. फ्लश करून टाकी पूर्ण रिकामी मात्र करू नका, कोरडं पडलेलं रबर आकसतं. तीन-चार आठवडे घर बंद राहणार असेल तर भांड्यातल्या पाण्यावर दोन चमचे खाद्यतेल सोडा. तवंगामुळे पाणी उडून जायला वेळ लागतो आणि परतल्यावर दार उघडताच गटाराचा वास येत नाही. बाथरूमच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्येही, म्हणजे पाणी साठणाऱ्या वळणात, चमचाभर सोडा, तो तर भांड्याच्या आधी सुकतो. परत आल्यावर कॉक एकदम उघडू नका. आधी पाव फेरा, पाईपमधली हवा फुसफुसून निघेपर्यंत थांबा, मग गरजेइतका.